जिंडाबाइन: तलावाकाठच्या घराचा हिशेब

सिडनीहून दक्षिणेला साधारण साडेचारशे किलोमीटरवर, स्नोई पर्वतरांगेत जिंडाबाइन नावाचं गाव आहे. उंची नऊशे मीटरच्या आसपास, समोर मोठा जलाशय, पाठीशी कोझियस्को राष्ट्रीय उद्यान. त्या उद्यानातच २,२२८ मीटर उंचीचं माउंट कोझियस्को हे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर आहे, आणि थ्रेडबो व पेरिशर ही दोन मोठी स्की रिसॉर्टंही. सिडनी-कॅनबेरातल्या मराठी कुटुंबांना हे नाव आता नवीन राहिलेलं नाही. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक मोठं घर घ्यायचं, बरोबर चिवड्या-लाडवांचे डबे, मुलांना बर्फात सोडायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणीतरी म्हणतंच, "दरवर्षी एवढं भाडं मोजण्यापेक्षा इथे एक घरच घेऊन टाकू या की! उरलेले दिवस एअरबीएनबीवर लावायचं, हप्ता आपोआप निघेल."

हा बेत आखणारे ते पहिले नव्हेत, आणि त्यामुळेच जिंडाबाइनमध्ये घराचा प्रश्न गेली काही वर्षं पेटलेला आहे. रिसॉर्टमध्ये लिफ्ट चालवणारा, शाळेत शिकवणारी, सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी माणसं राहणार कुठे? मालकाने स्वतःच्या घराचं काय करावं हे सरकारने किती ठरवायचं? नवीन घरं बांधून प्रश्न सुटेल का? या लेखात या वादाची मुळं, त्यातल्या बाजू आणि त्याची आजची अवस्था पाहायची आहे. घर घ्यावं की नाही याचा सल्ला यात नाही. तो ज्याचा त्याने आपल्या खिशाकडे पाहून ठरवावा.

पाण्याखालचं गाव

हा प्रदेश मूळचा न्गारिगो लोकांचा. एकोणिसाव्या शतकात इथे मेंढपाळ गोरे वसाहतवाले आले आणि स्नोई नदीच्या काठी एक लहानसं गाव उभं राहिलं. त्याचं नशीब बदललं ते १९४९ साली सुरू झालेल्या स्नोई माउंटन्स योजनेने. पूर्वेकडे समुद्राला मिळणारं पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवायचं, वाटेत वीज तयार करायची आणि पुढे ते मरे व मरम्बिजी नद्यांच्या खोऱ्यातल्या शेतीला द्यायचं, अशी ती योजना. १९७४ मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा १६ मोठी धरणं, सात वीजकेंद्रं आणि सुमारे १४५ किलोमीटरचे बोगदे तयार होते. तीसहून अधिक देशांतून आलेल्या एक लाखावर माणसांनी त्यावर काम केलं. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातून आलेले कामगार त्यात मोठ्या संख्येने होते.

धरणांनी गावं बुडवली. ॲडमिनाबी हे गाव १९५६-५७ मध्ये हलवलं गेलं. शंभरावर इमारती उचलून ट्रकवरून नव्या जागी नेल्या. जिंडाबाइनची पाळी दहा वर्षांनी आली. १९६७ मध्ये धरण पूर्ण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि वरच्या उतारावर नवं वसवलं गेलं. धरणाखाली स्नोई नदीचा नैसर्गिक प्रवाह जेमतेम एक टक्का उरला. पुढे पर्यावरणवाद्यांच्या आणि नदीकाठच्या लोकांच्या रेट्यामुळे २००० साली करार झाला आणि २००२ पासून काही पाणी नदीला परत सोडायला सुरुवात झाली.

पवना किंवा वरसगावचा जलाशय पाहिलेल्या मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचं वाटेल. धरणासाठी गाव उठवायचं आणि मग त्याच पाण्याच्या काठी शहरातल्या लोकांची सुट्टीची घरं उभी राहायची. एक फरक मात्र मोठा आहे. पवनेच्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन अर्धशतक उलटूनही रेंगाळलं आहे. जिंडाबाइनच्या लोकांना निदान तलावाकाठचंच नवं गाव मिळालं. आज त्या गावात भाव परवडेना अशी त्यांच्या नातवंडांची तक्रार असते, पण ती पुढच्या पिढीची गोष्ट.

या इतिहासातली आणखी एक बाब आजच्या वादात फारशी कुणी काढत नाही, ती मला महत्त्वाची वाटते. योजनेच्या प्राधिकरणाने कामगार आणले तेव्हा त्यांच्या राहण्याची सोयही केली. कब्रामुरा आणि खँकोबन ही गावं त्यासाठीच वसवली, कूमा या मुख्यालयाच्या गावी वसाहती बांधल्या. तंबूंत आणि बराकींत हाल झालेच; पण माणसं आणायची तर त्यांना छप्पर द्यायची जबाबदारी आणणाऱ्याचीच, हे गृहीत होतं. पर्यटनाचा धंदा वाढला तसं हे गृहीतक मागे पडलं.

जमीन आहे तरी कुठे?

थ्रेडबोची सुरुवात १९५७ च्या सुमाराची. योजनेसाठी झालेले रस्ते आणि स्कीइंग रक्तात घेऊन आलेले युरोपीय कामगार, या दोन्हींचा त्याला हातभार लागला. १९८७ मध्ये बुलक्स फ्लॅटहून डोंगराच्या पोटातून पेरिशरला जाणारी स्कीट्यूब ही रेल्वे सुरू झाली, त्यामुळे खाली राहून वर रोज स्की करायला जाणं सोपं झालं. २०१५ मध्ये पेरिशर अमेरिकेतल्या व्हेल रिसॉर्ट्स कंपनीने विकत घेतलं.

मात्र ही दोन्ही रिसॉर्टं राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत. तिथली जमीन सरकारची. घर किंवा लॉज घेतलं तरी मिळतो तो भाडेपट्टा, मालकी नव्हे. पट्ट्याची उरलेली वर्षं जसजशी कमी होतात तसतशी किंमत आणि कर्ज मिळण्याची शक्यताही बदलते. दुसऱ्या बाजूला तलाव आहे आणि त्याचा कारभार स्नोई हायड्रो या वीज कंपनीकडे. २०१८ पासून ती पूर्णपणे केंद्र सरकारच्या मालकीची आहे. पाणी किती ठेवायचं, किती सोडायचं हे कंपनी ठरवते. "तलावाला लागून" म्हणून जाहिरात होणाऱ्या घराच्या अंगणापासून पाणी कधी दहा पावलांवर असतं, कधी मध्ये चिखलाचा नि दगडांचा रुंद पट्टा उघडा पडलेला दिसतो. उरलेल्या बाजूंना मेंढ्यांची कुरणं.

म्हणजे ज्याला मालकी हक्काचं घर हवं, बँकेचं कर्ज सहज हवं आणि सकाळी उठून स्की करायला जायचं आहे, त्याच्यापुढे जिंडाबाइन, ईस्ट जिंडाबाइन, टिरोलियन व्हिलेज, कालकाइट आणि फार तर बेरिडेल एवढीच नावं उरतात. सारी मागणी या चिमूटभर जागेत येऊन कोंबली जाते. किनाऱ्यावरच्या पर्यटनगावांशी जिंडाबाइनची तुलना करताना हा फरक अनेकदा निसटतो. तिथे एक गाव महाग झालं तर माणूस पुढच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावात घर पाहतो. इथे पुढचं गाव म्हणजे साठेक किलोमीटरवरचं कूमा.

नोव्हेंबरात गावातल्या एखाद्या गल्लीतून फेरफटका मारला तर घरंच बरंच काही सांगतात. दाराशेजारी चार आकडी कुलूप असलेली किल्लीची छोटी पेटी. पडदे ओढलेले, गवत मात्र व्यवस्थित कापलेलं, कारण ते काम माणूस लावून होतं. आत तळमजल्यावर एक खोली दोन-तीन बंक बेडनी भरलेली, ओले बूट आणि जॅकेटं वाळवायला हीटर लावलेली वेगळी खोली, बारा माणसं बसतील एवढं जेवणाचं टेबल. कपाटं मात्र नावालाच. आठवड्यापुरत्या बॅगा घेऊन येणाऱ्याला ती लागत नाहीत. अशा घरात बारा महिने राहायचं ठरवलं तर पहिली खरेदी कपाटांची करावी लागते.

खरेदीचे कागद

सुट्टीचं घर आणि राहतं घर यांत कायदा जो भेद करतो, तो बहुतेकांना व्यवहार बराच पुढे गेल्यावर कळतो. न्यू साउथ वेल्समध्ये पहिलं घर घेणाऱ्याला ८ लाख डॉलरपर्यंत मुद्रांक शुल्क माफ आहे आणि १० लाखांपर्यंत सवलत आहे, पण त्या घरात स्वतः जाऊन राहण्याची अट आहे. सुट्टीच्या घराला ही सवलत नाही. राहत्या घराला जमीन-कर लागत नाही. दुसऱ्या घराच्या जमिनीचं मूल्य धरून एकूण १०,७५,००० डॉलरची मर्यादा ओलांडली की वरच्या रकमेवर १.६ टक्के दराने तो सुरू होतो. सिडनीत आधीच एक गुंतवणुकीचं घर असेल, तर ही मर्यादा ओलांडायला जिंडाबाइनचा मध्यम प्लॉटही पुरतो.

नुकत्याच आलेल्या कुटुंबांसाठी तर दारच बंद आहे. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परदेशी व्यक्तींना जुनं, म्हणजे आधी बांधलेलं घर घेण्यास बंदी जाहीर केली आणि त्यात तात्पुरत्या व्हिसावर राहणारेही आले. शिवाय राज्याचा जादा मुद्रांक आहेच. पर्मनंट रेसिडेन्सी हातात पडण्याआधी घराचे फोटो पाहत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मग आग. २०१९-२० च्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत याच पर्वतरांगेत उत्तरेला सेल्विन हे स्की रिसॉर्ट जळून खाक झालं आणि जिंडाबाइन परिसरातून पर्यटकांना बाहेर पडायला सांगावं लागलं. खरेदीच्या करारासोबत कलम १०.७ चं नियोजन प्रमाणपत्र येतं. जमीन वणवाप्रवण पट्ट्यात आहे का ते त्यात लिहिलेलं असतं. तशी असेल तर नव्या बांधकामाला वणव्याच्या धोक्याची श्रेणी लागते आणि काचेपासून डेकच्या लाकडापर्यंत खर्च वाढतो. विम्याचा हप्ताही त्याच हिशेबाने. उतारावरच्या बांधकामाला आणखी एक पदर आहे. ३० जुलै १९९७ च्या रात्री थ्रेडबोमध्ये दरड कोसळून दोन लॉज गाडली गेली आणि १८ माणसं मेली. वरच्या रस्त्याचा भराव कमकुवत होता आणि गळक्या जलवाहिनीने तो भिजला होता, असा निष्कर्ष पुढे कोरोनरने काढला. तेव्हापासून या भागात भूगर्भ-अहवाल हा नुसता सोपस्कार उरलेला नाही.

आणि कर. घर भाड्याने दिलं की कर्जाचं व्याज, दुरुस्ती, कौन्सिलचे रेट्स हे सगळं खर्चात दाखवता येतं, ही बहुतेकांची समजूत. कर खात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुट्टीच्या घरांबाबत मसुदा काढून ही समजूत बरीच आवळली. ऐन हंगामात घर स्वतःसाठी, नातेवाइकांसाठी राखून ठेवायचं आणि ऑक्टोबरानंतर कुणी विचारत नाही तेव्हा जाहिरात लावून "भाड्यासाठी उपलब्ध" म्हणायचं, हा प्रकार त्यांच्या डोळ्यांपुढे आहे. जिंडाबाइनमध्ये नेमका पेच इथेच येतो. मुलांच्या शाळेची जुलैची सुट्टी हीच कुटुंबाला घर हवं असण्याची वेळ, आणि भाडं सर्वांत जास्त मिळण्याचीही.

राहणाऱ्यांचं वर्ष

इथला हंगाम जूनच्या लाँग वीकेंडला उघडतो आणि ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला मिटतो. साधारण सतरा आठवडे. भाड्याचा बाजार या तारखांभोवती फिरतो. अनेक मालक वर्षानुवर्षं ठरावीक पद्धतीने चालत आले आहेत. ऑक्टोबर ते मे घर साध्या भाडेकरूला, आणि हिवाळा आला की पर्यटकांना किंवा हंगामी कामगारांच्या गटाला. भाडेकरूच्या बाजूने पाहिलं तर दर मे महिन्यात बोचकं बांधायचं. मूल शाळेत असेल तर तेही वर्षाच्या मध्यात. नाहीतर कूमाला राहायचं आणि पहाटे रस्त्यावर बर्फ गोठलेलं असताना रोज गाडी हाकायची. मोठं इस्पितळही कूमालाच, म्हणजे बाळंतपणासारख्या प्रसंगीही त्याच रस्त्याने जायचं. गाडी डिझेलची असेल तर थंडीत गोठू नये म्हणून अल्पाइन डिझेल भरायचं.

हिवाळ्यात कामगारांची संख्या फुगते. रिसॉर्टांची स्वतःची कर्मचारी-निवासस्थानं आहेत, पण ती पुरत नाहीत. मग एका घरात दहा-बारा जण, कुणी व्हॅनमध्ये, कुणी गाडीत. काही धंदेवाले कामगारांसाठी गावातली घरं स्वतःच भाड्याने किंवा विकत घेतात. ते कामगारांच्या दृष्टीने चांगलंच, पण त्यामुळे साध्या कुटुंबाला मिळणारी घरं आणखी कमी होतात. म्हणजे गावातल्या एका घरामागे पर्यटक, हंगामी कामगार आणि कायमचा रहिवासी असे तिघे लागलेले असतात, आणि नेहमी शेवटचाच मागे पडतो.

त्यात भर स्नोई २.० ची. २०१७ मध्ये जाहीर झालेली ही पाणी उपसून वीज साठवण्याची योजना सुरुवातीला सुमारे २ अब्ज डॉलरची सांगितली गेली. २०२३ मध्ये आकडा १२ अब्जांवर गेला. काम उत्तरेकडे तांतांगारा आणि टॅल्बिंगो या जलाशयांच्या मध्ये चालतं आणि कामगारांसाठी तिथे तळही आहेत. तरी कंत्राटदार, अभियंते आणि पुरवठादार कूमाच्या बाजारात घरं शोधतात. जिंडाबाइनमधून बाहेर पडलेल्याला जिथे आसरा मिळायचा, तिथलीही गर्दी वाढली.

वाद कशाचा

एका बाजूला म्हणणं असं, की दोष अल्पमुदतीच्या भाड्याचा आहे. जे घर पूर्वी शिक्षिकेला मिळायचं ते आता ॲपवर चढतं. सिडनी विद्यापीठाच्या निकोल गुरान यांनी पीटर फिब्स यांच्याबरोबर या विषयावर बरंच काम केलं आहे, आणि पर्यटनावर उभ्या असलेल्या छोट्या बाजारपेठांत हा परिणाम एकवटतो, या निष्कर्षाचा आधार ही मंडळी घेतात. अमेरिकेतल्या बॅरन, कुंग आणि प्रोसर्पिओ यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एअरबीएनबीवरच्या जाहिराती १ टक्क्याने वाढल्या की भाडं सुमारे ०.०१८ टक्क्याने आणि किमती ०.०२६ टक्क्याने वाढतात असं दिसलं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण जाहिराती काही वर्षांत कित्येक पटींनी वाढल्या हे ध्यानात घेतलं की तसा राहत नाही.

मालकांची बाजूही पोकळ नाही. जिंडाबाइन नव्याने वसलं तेव्हापासूनच ते सुट्टीचं गाव आहे. ॲप येण्याच्या कितीतरी आधी इथल्या एजंटांकडे हिवाळी भाड्याच्या वह्या होत्या. यातली बरीच घरं कधीच वर्षभर भाड्याने जाणार नव्हती, कारण मालकाला ती स्वतःलाही हवी असतात. उद्या निर्बंध आले तर ती शिक्षिकेला मिळणार नाहीत, रिकामी पडून राहतील. घर साफ करणारा, बर्फ हटवणारा, स्की भाड्याने देणारा या सगळ्यांचं पोट पाहुण्यांवर. शिवाय हप्ता पाहुण्यांच्या भाड्यातूनच फेडणारे साधे नोकरदारही आहेत, सगळेच काही सिडनीचे धनिक नाहीत.

तिसरा सूर पुरवठ्याचा. घरंच कमी आहेत, बांधा म्हणजे झालं. राज्य सरकारने २०१९ मध्ये स्नोई माउंटन्स विशेष विकास क्षेत्र जाहीर केलं आणि २०२२ मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. स्नोई हायड्रोमधला आपला ५८ टक्के हिस्सा केंद्राला विकून राज्याला ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली होती. त्यातूनच हा खर्च होणार होता. चाळीस वर्षांचा विचार, बारमाही पर्यटन, जिंडाबाइनच्या भोवती नव्या वस्त्या असा आवाका. त्यावर टीका दोन दिशांनी झाली. उद्यानाची बाजू घेणाऱ्या संस्थांना उद्यानातल्या खाटा वाढवणं मान्य नव्हतं. गावातल्यांना शंका होती की आधी पर्यटक वाढतील, घरं मागून येतील, सांडपाण्याची आणि डॉक्टरची सोय त्याहून मागून. २०२३ मध्ये राज्यात सत्ताबदल झाला आणि पैशाचा ओघ आधी वाटला होता तसा राहिला नाही. आराखडा आहे, पण घर आराखड्यात राहता येत नाही.

आणि चौथी, जराशी दबकी बाजू म्हणते की हा घरांचा नाही, मजुरीचा प्रश्न आहे. स्वस्त हंगामी मजूर लागणाऱ्या धंद्याने त्यांच्या निवाऱ्याचा खर्च गावावर ढकलला आहे. कॅनडातल्या व्हिसलरमध्ये १९९७ पासून गृहनिर्माण संस्था स्थानिक नोकरदारांसाठीच राखीव घरं बांधते आणि सांभाळते. पेरिशर जिच्या मालकीचं आहे त्या कंपनीच्या नावाचं कोलोरॅडोतलं व्हेल गाव २०१७ पासून घरमालकांना पैसे देऊन दस्तऐवजात अट घालून घेतं, की या घरात स्थानिक काम करणारेच राहतील. जिंडाबाइनमध्ये असं काही मोठ्या प्रमाणावर झालेलं नाही.

नियम मापतात रात्री

न्यू साउथ वेल्सचं धोरण १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालं. अल्पमुदतीच्या भाड्याच्या घराची नोंदणी सक्तीची, एकमेकांना जोडलेले धूर-इशारे आणि बाहेर पडण्याचा नकाशा आवश्यक, आणि मालक तिथे राहत नसेल तर सिडनी महानगरात व काही नेमक्या भागांत वर्षाला १८० दिवसांची मर्यादा. स्नोई मोनारो कौन्सिलचा प्रदेश त्या यादीत नाही. इथे ३६५ दिवस मोकळे. याच राज्यातल्या समुद्रकाठच्या बायरनमध्ये बहुतेक भागांसाठी २३ सप्टेंबर २०२४ पासून मर्यादा ६० दिवसांवर आणली गेली, तेव्हापासून "आमच्याकडेही लावा" ही मागणी इतर पर्यटनगावांतून होत असते.

माझ्या मते ती जिंडाबाइनला फारशी कामाची नाही. बायरनचा समुद्र बारमाही आहे. इथला हंगाम मुळातच एकशे वीस दिवसांचा, म्हणजे १८० दिवसांच्या मर्यादेखाली अख्खा हिवाळा बसून वर दोन महिने उरतात. ६० दिवस केले तरी जुलैचे दोन आठवडे आणि हंगामातले सगळे शनिवार-रविवार त्यात आरामात मावतात, आणि मालकाची खरी कमाई तेवढ्याच दिवसांत होते. त्यातून २१ दिवस किंवा त्याहून लांब सलग मुक्काम मर्यादेत मोजलाच जात नाही, म्हणजे हंगामभरासाठी घर देणारा मालक या नियमाच्या कक्षेतच येत नाही. रात्री मोजणारं माप बर्फाच्या गावाला बसत नाही.

व्हिक्टोरियाने वेगळी वाट धरली. तिथे १ जानेवारी २०२५ पासून अल्पमुदतीच्या मुक्कामावर ७.५ टक्के शुल्क आहे. रात्रींवर मर्यादा नाही, आणि त्या पैशातून सामाजिक घरं बांधायची आहेत. ब्राइटसारख्या डोंगरी गावांना त्याचा नेमका किती वाटा पोचतो हे पाहावं लागेल. ब्रिस्बेनने २०२२ पासून अशा घरांना जादा रेट्स लावले. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ च्या सार्वमताने प्रत्येक गावात दुसऱ्या घरांचं प्रमाण २० टक्क्यांवर रोखलं. तिथे नवीन सुट्टीची घरं थांबली, पण आधीची होती तशीच राहिली.

फ्लॅटमालकांसाठी एक जवळचा उपाय आहे. राज्याच्या कायद्यानुसार स्ट्रॅटा संस्था ७५ टक्के मतांनी, मालक स्वतः राहत नसलेल्या फ्लॅटमध्ये अल्पमुदतीचं भाडं बंद करू शकते. पण ज्या इमारतीत बहुतेक मालक भाड्यासाठीच आलेले, तिथे हे मत कोण देणार?

ऑगस्टमधली एक रात्र

आकड्यांवरून भांडणं व्हायचं एक साधं कारण आहे. ऑस्ट्रेलियाची जनगणना ऑगस्टमध्ये होते. २०१६ मध्ये ९ तारखेला, २०२१ मध्ये १० तारखेला. जिंडाबाइनसाठी हा हंगामाचा कळस. हंगामी कामगार मोजले जातात, पाहुण्यांनी भरलेली घरं "व्यापलेली" दिसतात, आणि जी घरं जानेवारीत रिकामी असतात ती रिकामी दिसतच नाहीत. २०२१ मध्ये तर सिडनी जूनअखेरीपासून लॉकडाउनमध्ये होतं, म्हणजे नेहमीचे पाहुणेही नाहीत. देशभरात त्या रात्री दहा लाखांवर घरं रिकामी नोंदली गेली आणि तो आकडा वर्तमानपत्रांत खूप गाजला. डोंगरातल्या गावाबद्दल त्यातून नेमकं काय कळतं हे सांगणं अवघड. राज्याच्या नोंदणीपुस्तकातून अल्पमुदतीच्या घरांची संख्या मिळते. पण त्यांतलं प्रत्येक घर पूर्वी कुणाला भाड्याने होतं, की मालकाच्या कुटुंबापुरतंच होतं, हे त्यात नसतं. सगळा वाद तर त्याच माहितीवर अडलेला आहे.

अजून न सुटलेलं

भाडेकरूंच्या कायद्यात मोठा बदल झाला आहे. १९ मे २०२५ पासून न्यू साउथ वेल्समध्ये कारण न देता भाडेकरूला काढता येत नाही. दर मे महिन्यातलं बोचकं यामुळे थांबेल का? मालकाला घर भाड्याच्या बाजारातून काढून घेत असल्याचं कारण देता येतं, पण मग त्याला ते काही काळ पुन्हा साध्या भाड्याने देता येत नाही. ज्यांचं वर्ष अर्धं भाडेकरू, अर्धं पाहुणे असं चालायचं, त्यांना आता एक बाजू निवडावी लागेल. त्यांनी बारमाही भाडेकरू निवडला तर कायद्याने गावाचं भलं केलं. बारमाही पाहुणे निवडले तर ऑक्टोबर ते मे मिळणारा आसराही गेला. दोन्ही होण्यासारखं आहे.

दुसरं, हंगामी कामगारांची घरं कुणी बांधायची? रिसॉर्टांच्या भाडेपट्ट्यात तशी अट घालता येईल, कारण जमीन सरकारचीच आहे. पण उद्यानात खाटा वाढवायला विरोध करणारे आणि कामगारांना घर हवं म्हणणारे बरेचदा एकच लोक असतात, आणि त्यांनाही हा गुंता ठाऊक आहे.

आणि शेवटी बर्फ. स्पेन्सर्स क्रीक इथे १९५४ पासून बर्फाची जाडी मोजली जाते. १९८१ मध्ये तिथे ३६१ सेंटिमीटरची नोंद झाली, ती अजून मोडलेली नाही, आणि दीर्घकाळाचा कल उताराचा आहे. कृत्रिम बर्फाची यंत्रं वरची रिसॉर्टं काही काळ तारून नेतील. उन्हाळी सायकलिंग, ट्राउटची मासेमारी, तलावावरचं नौकानयन वाढतं आहे, आणि त्यातून हंगाम बारमाही झाला तर कामगार बारमाही लागतील आणि पाहुणेही बारमाही येतील. आज बँकेचा मूल्यांकन करणारा जिंडाबाइनच्या घराची जी किंमत लावतो, तिच्यात हिवाळ्याच्या भाड्याचा वाटा किती आणि खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याचा किती, हे त्याच्या अहवालात वेगळं काढलेलं नसतं.